गणिताच्या भीतीची देशवार क्रमवारी लावता येते का?

त्रैराशिक :
ओईसीडी ही प्रामुख्याने विकसित देशांची आर्थिक सहकार्य संघटना पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांची जी ‘पिसा’ चाचणी घेते, तिच्या २०१२च्या फेरीत गणिताच्या धास्तीविषयीची पाच विधाने मुलांपुढे ठेवून ती आपल्याला कितपत लागू पडतात हे विचारले होते. गणिताचा तास आपल्याला जड जाईल अशी काळजी वाटते, असे सदस्य देशांतील सरासरी ५९ टक्के मुलांनी सांगितले. गृहपाठ करताना फार ताण येतो असे ३३ टक्के मुलांनी. अशा उत्तरांवरून प्रत्येक देशाचा निर्देशांक निघतो, आणि मग जपान-कोरियाची मुले हुशार पण भेदरलेली, नेदरलँड्सची हुशार आणि निर्धास्त, अशी चित्रे रंगवली जातात. माझ्या मते ही क्रमवारी लावूच नये. पाचांपैकी एक विधान सरळ कमी गुण मिळण्याच्या काळजीचे आहे, आणि जिथे प्रवेशपरीक्षेवर पुढचे आयुष्य ठरते तिथे त्यातून गणिताची नव्हे, परीक्षेची भीती मोजली जाते. शिवाय ‘पूर्णपणे सहमत’ अशा टोकाच्या उत्तरावर खूण करण्याची सवय सगळ्या समाजांत सारखी नसते.

मध्यमान :
तराजूत थोडी पासंग आहे म्हणून वजनच करायचे नाही, हे मला पटत नाही. २००३च्या पिसामधील ४१ देशांची माहिती जिह्युन ली यांनी २००९ साली तपासली. चीन, तैवान आणि अमेरिकेतल्या सहावीच्या मुलांवरचा अभ्यास त्याआधीच २००० साली प्रसिद्ध झाला होता, आणि भीतीची भावनिक बाजू (म्हणजे अस्वस्थता, ताण) तिन्ही ठिकाणी कमी गुणांशी जोडलेली आढळली होती. मोजपट्टी निकामी असती तर इतक्या निरनिराळ्या समाजांत असे एकाच दिशेचे उत्तर मिळाले नसते. परीक्षेच्या धास्तीचे म्हणाल, तर ती या भीतीचाच भाग मानली जाते. २००३ साली हॉपको आणि सहकाऱ्यांनी केलेल्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत चार प्रश्न परीक्षेचेच आहेत.

त्रैराशिक :
येथे दोन गोष्टींची गल्लत होते आहे. एका देशातील सर्वांची पट्टी दोन इंच पुढून सुरू होत असेल, तरी त्या देशात उंच कोण आणि बुटका कोण हे बरोबरच कळेल, आणि उंचीचा वजनाशी असलेला संबंधही टिकेल. दोन देशांची सरासरी उंची मात्र त्या पट्टीने ताडता येणार नाही. आपण दिलेले पुरावे पहिल्या प्रकारचे आहेत. माझा आक्षेप दुसऱ्यावर आहे.

फळा-खडू :
मी प्राथमिक शाळेत शिकवते. वर उल्लेखलेली नऊ प्रश्नांची यादी मी हौसेने मराठीत करायला घेतली आणि पहिल्याच प्रश्नाला अडखळले. मूळ प्रश्न पुस्तकाच्या शेवटी दिलेली कोष्टके वापरण्याविषयी आहे. इंग्रजी ‘टेबल्स’ शब्द पाहून मी बिनदिक्कत ‘पाढे’ लिहिले होते! पुढचा एक प्रश्न फळ्यावर बीजगणितातील समीकरण सोडवणाऱ्या शिक्षकांकडे पाहण्याचा, जो चौथीच्या मुलाला विचारण्यात अर्थ नाही. (ही यादी मुळात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी होती, ब्रिटनमध्ये ८ ते १३ वर्षांच्या मुलांसाठी ती २०१७ साली बदलून घेण्यात आली.) भावनेच्या शब्दांचे तर विचारूच नका. ‘चिंता’ माझ्या वर्गाला आजीच्या तोंडचा शब्द वाटला, ‘भीती’ म्हणताच मुलगे छाती काढून ‘छे!’ म्हणाले, आणि ‘टेन्शन’ म्हटल्यावर त्याच मुलांचे हात वर गेले. एकाच वर्गात, एकाच भाषेत ही गत असेल, तर कोरियन आणि डच शब्द एकाच वजनाचे आहेत हे ठरवणार कोण?

मध्यमान :
बाई, आपला अनुभव मोलाचा आहे, पण त्यावरून मोजणे सोडायचे नसून भाषांतर सुधारायचे असा निष्कर्ष निघतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असे वाचन आले, तेव्हा जोडाक्षरांमुळे मुलांना गणिताची भीती बसते की नाही यावर महाराष्ट्रभर वाद झाला. मी वाचलेल्या एकाही लेखात ती भीती कोणी मोजल्याचा उल्लेख नव्हता. पिसाच्या २००९च्या फेरीशी जोडून भारतातून केवळ हिमाचल प्रदेश आणि तमिळनाडूने भाग घेतला होता, त्यामुळे त्या यादीत मराठी मुले नाहीतच.

खिडकीजवळचा बाक :
तुलना देशांची असो वा मुलगे-मुलींची, अडचण सारखीच आहे. थॉमस गोएट्झ आणि सहकाऱ्यांचा २०१३चा जर्मन अभ्यास पाहावा. एरवी प्रश्नावली दिली की मुली मुलग्यांपेक्षा जास्त भीती नोंदवत. प्रत्यक्ष तासाला किंवा परीक्षेच्या वेळी विचारले की हा फरक दिसत नसे. म्हणजे प्रश्नावलीत भीतीबरोबर स्वतःविषयीची समजूतही उतरते, आणि ती समजूत घरोघरी, देशोदेशी वेगळी असते.

फळा-खडू :
हे मान्य. मात्र तीच समजूत धरून मुली पुढे गणित सोडतात, म्हणून तीही नोंदली गेलीच पाहिजे. तिला वेगळे नाव द्या, एवढेच.

त्रैराशिक :
पिसाची माहिती सर्वांसाठी खुली आहे. गुणांचे विधान वगळून उरलेल्या चार विधानांवर जपान आणि कोरिया कुठे येतात ते मी तपासून येथेच लिहितो. ते देश तरीही वरच राहिले, तर माझा पहिला आक्षेप मी मागे घेईन. टोकाच्या उत्तरांविषयीचा दुसरा नाही.