तोंड धुतल्यावर गाल ओढतात? आपापले अनुभव सांगा

शहापूर, बेळगाव

थंडी सुरू झाली की आमच्या घरात एकच तक्रार असते, तोंड उललं. डिसेंबर-जानेवारीत बेळगावची पहाट १३-१४ अंशांवर येते, वारा कोरडा असतो आणि बंबातलं कढत पाणी तोंडावर घेतल्याशिवाय झोप जात नाही. मी प्राथमिक शाळेत शिकवते. खडूची पूड, रस्त्याची धूळ, घामट बसप्रवास यामुळे दिवसातून चार-पाच वेळा साबणानं तोंड धुवायची सवय मला वीस वर्षं होती. बोट फिरवल्यावर गाल करकर वाजला की स्वच्छ झालं असं वाटायचं, घासलेलं ताट वाजतं तसं. मागच्या हिवाळ्यात ओठांच्या कडांना भेगा पडल्या, गालांना पापुद्रे सुटले, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जायचंही मी टाळलं.

त्वचेच्या डॉक्टरांनी औषध लिहिण्याआधी विचारलं, "तोंड कशानं धुता, किती वेळा, आणि पाणी किती गरम?" एवढं नीट कुणी कधी विचारलंच नव्हतं. त्या म्हणाल्या की कातडीच्या वरच्या थरात तिचं स्वतःचं तेल असतं, तेच आतला ओलावा धरून ठेवतं. तुम्ही ते रोज पाच वेळा धुऊन टाकता. आता सकाळी नुसतं पाणी. रात्री चण्याएवढा सौम्य फेसवॉश, बोटांच्या टोकांनी अर्धा-एक मिनिट. पाणी मनगटावर ना गार ना गरम लागेल असं. मऊ पंचानं टिपते, पुसत नाही, आणि तोंड ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावते. तीन आठवड्यांत पापुद्रे गेले.

माझ्या लेकीच्या वर्गातल्या मुली तोंडाला लिंबू आणि खायचा सोडा चोळतात हे कळल्यापासून मला स्वस्थ बसवेना. तुमचं काय चुकलं, काय जमलं ते सांगा. पाणी कुठलं तेही सांगा, कारण खानापूरचं पाणी वेगळं आणि अथणीचं वेगळं.

निपाणी

माझी आई तंबाखूच्या वखारीत होती. चाळण्या चालू झाल्या की खकाणा, म्हणजे तंबाखूची बारीक धूळ, डोळ्यांत, नाकात, भुवयांच्या केसांत जाऊन बसतो. संध्याकाळी घरी आली की ती मोरीवर बसून कपड्याच्या साबणाची वडी तोंडाला घासायची. "रगाडल्याबिगार खकाणा जातोय व्हय?" असं म्हणायची. तिच्या गालावर मासळीच्या खवल्यासारखे पांढरे पट्टे होते. ते कामामुळे असतात असंच आम्ही धरून चाललो होतो.

मी नर्सिंग शिकले तेव्हा कळलं. पीएच म्हणजे एखादी गोष्ट आंबट की अल्कधर्मी (आंबटाच्या उलट) हे सांगणारा आकडा. आपल्या कातडीचा पीएच साधारण ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आंबट बाजूला असतो. साध्या साबणाचा ९ ते १०, म्हणजे अल्कधर्मी बाजूला. कपड्याची वडी तर तोंडासाठी केलेलीच नसते. पण आईला पीएच सांगून काय उपयोग? मी तिला एवढंच म्हटलं, "आई, आधी पाण्यानं भिजू दे, मग बघू." ओल्या मऊ फडक्यानं खकाणा उचलायचा, मग तीन-चार वेळा नुसत्या पाण्याचे हबके मारायचे आणि शेवटी थोडा सौम्य फेस. कामावर जाताना नाका-तोंडाला सुती फडकं बांधायला लावलं, निम्मा खकाणा तिथेच अडला. तिला पटायला दोन महिने गेले. "फेस येत न्हाई, धुतल्यागत वाटत न्हाई," हे ती रोज म्हणायची. मग एका संध्याकाळी स्वतःच गालावर हात फिरवून म्हणाली, "मऊ लागतंय गं." आई आज नाही. पण तिच्या वयाच्या बायका अजून वखारीत जातात आणि अजून तीच वडी वापरतात, म्हणून हे इतकं लांबवून सांगितलं.

अथणी तालुका

आमच्याकडे सगळं बोअरचं पाणी, सवळ आणि जड. बंबाच्या तळाला पांढरा थर धरतो, बादलीच्या कडेला चुना बसतो. या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरतं, फेस होत नाही आणि एक चिकट साका कातडीवर राहतो. तो जावा म्हणून आपण आणखी साबण लावतो. मी हेच करत होते. तुरटी फिरवून पाहिली. गढूळपणा खाली बसतो, जडपणा जात नाही. उकळून थोडा फरक पडला, पण पूर्ण नाही.

शेवटी गावातल्या शुद्ध पाण्याच्या घटकावर नाणं टाकून जो वीस लिटरचा कॅन भरून आणतो, त्यातलं एक तांब्या पाणी तोंडासाठी वेगळं काढायला लागले. घरच्यांना आधी उधळपट्टी वाटली. तोंडाला लागतं किती? एक तांब्या पुरतो. साबणाऐवजी साबणविरहित क्लेन्झर घेतला, कारण त्याचा जड पाण्यात साका होत नाही. महाग आहे, पण तोंडापुरताच वापरते, अंगाला नाही. बाटली तीन महिने गेली.

उद्यमबाग, बेळगाव

फाउंड्रीत आहे. काजळी, वाळू, मशीनचं तेल. आमच्यातले बरेच जण रॉकेलचा बोळा हाताला लावतात आणि तोच हात तोंडाला. मीही लावायचो. वर धुण्याची पावडर. डोळ्यांखाली कायम आग. एका सीनियरनं खोबरेल दाखवलं. कोरड्या तोंडाला आधी खोबरेल चोळायचं, काजळी तेलात सुटते, सुती कापडानं टिपून घ्यायची, मग एकदाच सौम्य फेसवॉश. तेलाला तेल सोडवतं. मात्र ज्यांना पुटकुळ्या येतात त्यांनी जपून, माझ्या धाकट्या भावाला खोबरेलानं जास्त आल्या.

खानापूर

उलट बाजू सांगतो. आमच्याकडे पावसाळ्यात हवाच ओली, भिंतीला हात लावला तरी पाणी. कोरडेपणा काय ते माहीत नव्हतं. तोंड तेलकट, पुटकुळ्या भरपूर. बेळगावला होस्टेलवर असताना दिवसातून सात-आठ वेळा तोंड धुवायचो, दाणेदार स्क्रबनं. पुटकुळ्या फुटून डाग पडले, वर चरचर वेगळीच. पुटकुळ्या म्हणजे घाण, असं डोक्यात पक्कं बसलं होतं. डॉक्टर म्हणाले की त्या आत, केसांच्या मुळाशी तयार होतात, वरून घासून निघत नाहीत. दिवसातून दोनदा, आणि खेळून घामाघूम झालात तर एकदा जास्त. स्क्रब बंद. रात्री अॅडापलीन हे पुटकुळ्यांवरचं मलम, तेही वाटाण्याएवढंच सगळ्या तोंडाला. पहिले काही आठवडे त्यानंच कातडी सुकते हे त्यांनी आधीच सांगितलं म्हणून मी घाबरून सोडलं नाही. तेलकट तोंडालाही मॉइश्चरायझर लागतो हे पटायला वेळ गेला. जेलसारखा हलका घ्या, जड क्रीम नको.

चिक्कोडी

शहापूरच्या ताई, लिंबाचं मी सांगते. तोंड उजळेल म्हणून लिंबू चोळलं, नीट धुतलं नाही आणि स्कूटीवरून भर उन्हात कॉलेजला गेले. दुसऱ्या दिवशी हनुवटीवर लाल, मग काळे ओघळ. ते जायला दोन-अडीच महिने लागले. लिंबाचा रस लागलेल्या जागेवर ऊन पडलं की कातडी भाजते. तुमच्या लेकीच्या मैत्रिणींना हे नक्की सांगा. हवं तर माझा फोटो दाखवा, पाठवते.

गोकाक

माझी गोष्ट जड आहे. लग्नाआधी दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळालेली गोरं करणारी ट्यूब वर्षभर लावली. आत स्टेरॉइड होतं. सुरुवातीला चेहरा इतका नितळ दिसला की बहिणीलाही दिली. मग कातडी पातळ झाली, लाल शिरा दिसू लागल्या, आणि नुसतं नळाचं पाणी लागलं तरी मिरची लागल्यासारखी आग. तोंड धुवायची भीती बसली होती. कित्येक सकाळी न्हाणीत नुसती उभी राहून रडले आहे. डॉक्टरांनी ट्यूब हळूहळू सोडवली. तेवढे महिने तोंडाला साबण नाही, फेसवॉश नाही. गार होऊ दिलेलं उकळलेलं पाणी आणि वर साधं, वासाचं नसलेलं मॉइश्चरायझर. आठ महिने लागले. चिठ्ठीशिवाय काही लावू नका, कुणी हातात दिलं तरी.

टिळकवाडी, बेळगाव

औषधांच्या दुकानात काम करतो. लोक साबणाच्या वेष्टनावरचा टीएफएम (एकूण स्निग्धांश) विचारतात. ७६ टक्के किंवा वर म्हणजे पहिल्या प्रतीचा टॉयलेट सोप, हे बरोबर. पण तो आकडा साबणातल्या स्निग्ध घटकांचा आहे. साबण कितीही चांगला असला तरी अल्कधर्मीच राहतो. ज्यांचं तोंड उलतं त्यांनी साबणविरहित आणि सुवास नसलेला, हे दोन शब्द शोधावेत. बाळांचा म्हणून मिळतो तो प्रत्येक साबण सौम्य असतोच असं नाही. वय झालेल्यांना तर सकाळी पाणीच पुरे, उतारवयात कातडीचं तेल आपोआप कमी होतं. माझ्या आजीनं बंबाचं पाणी सोडून कोमट घेतलं, तेवढ्यानंच तिची खाज निम्मी झाली.

शहापूर, बेळगाव

गोकाकच्या ताई, तुमचं वाचून हात थरथरला. बहीण आता बरी आहे ना? चिक्कोडीच्या मुली, फोटो नक्की पाठव, सोमवारी वर्गात दाखवते. अथणीच्या वैनी, तांब्यात काढलेलं पाणी किती दिवस ठेवता?

अथणी तालुका

रात्री काढते, झाकून ठेवते, सकाळ-संध्याकाळ वापरून संपवते. उरलं तर तुळशीला.

गोकाक

हो ताई, ती बरी आहे. तिनं दोनच महिने लावली होती.