घरामागे शेत, पलीकडे डुकरं: मेंदूज्वर फवारणीने कमी होतो का?

माशेलचा_बाबा:
नमस्कार मंडळी. घरामागे भातशेत, पाऊस लागला की बगळेच बगळे, आणि वाड्यावर दोन घरांनी डुकरं पाळलीयत. मुलगी दहा महिन्यांची. परवा कुणीतरी जपानी मेंदूज्वराचा मेसेज पाठवला तेव्हापासून बायकोची झोप उडालीय, म्हणते शेजाऱ्यांना डुकरं हलवायला सांगा. आता ते चतुर्थीला आमच्याकडे येतात, नाताळाला आम्ही त्यांच्याकडे जातो, कुठल्या तोंडाने सांगू? फॉगिंग करून घेतलं तर भागेल का? आणि जगभर हा आजार कमी करायचा म्हणतात तो नक्की कसा?

लॅबवाली_ताई:
भाऊ, शेजाऱ्याशी भांडू नका. हा क्युलेक्स डास शेतातल्या साचल्या पाण्यात वाढतो आणि संध्याकाळपासून रात्रभर चावतो, एवढी शेतं कोण आटवणार, फॉगिंगचा धूर तर अर्ध्या तासात गेला. व्हायरस बगळ्यात राहतो, डुकरात वाढतो, माणसापर्यंत आला की तिथेच थांबतो, माणसाकडून पुढे जात नाही. म्हणजे उद्या सगळी माणसं बरी झाली तरी तो बगळ्यात आहेच, देवीसारखा मुळासकट जायचा नाही. उपाय लसच. जपान, कोरियात भात आहे, डास आहेत, केसेस मात्र नगण्य. आपल्याकडे २००५ ला गोरखपूर भागात हजारावर जीव गेले, बहुतेक पोरंच, मग २००६ पासून लसीची मोहीम सुरू झाली. लागण झालेल्या साधारण २५० जणांत एखाद्यालाच मोठा आजार होतो, पण झाला तर १० तले ३ पर्यंत दगावतात आणि वाचलेल्यांतही ३० ते ५० टक्के लोकांना फिट, बोलणं, हातपाय असं काहीतरी आयुष्यभर राहतं. गोव्यातही १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला साथ आलेली, त्यामुळे आपल्याकडे नाही म्हणू नका. मुलीचं लसीचं कार्ड काढून जेईची, म्हणजे जपानी मेंदूज्वराची, ओळ बघा आधी. मच्छरदाणी लावाच.

रापणकार:
ताई बरोबर, पण मेंदूज्वर म्हणजे फक्त जपानी नव्हे हो. माझे सासरे जन्मभर मासळी विकलेले, दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी हातात बांगडा घेऊन विचारतात "हें कितें?" आम्हाला वाटलं जास्त झाली असेल. जवळच्या डॉक्टरने तापाचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. मोठ्या हॉस्पिटलात नेल्यावर पाठीतलं पाणी काढायचं म्हणाले तर घरात वाद, "पाणी काढलं की माणूस लुळा होतो" म्हणून अर्धा दिवस घालवला आम्ही, अजून त्याची चीड येते. शेवटी निघाला हर्पिसचा, तोच ओठावर फोड आणणारा. नशीब, डॉक्टरनी रिपोर्टची वाट न बघता ॲसायक्लोव्हिर शिरेतून चालू केलेलं, २१ दिवस दिलं. त्याच्याशिवाय १० तले ७ जातात म्हणे. सासरे वाचले, पण बांगडा आणि तारलो यांची नावं आजही अदलाबदल करतात, आणि तीस वर्षं विकलेल्या मासळीची ती गत बघून सासूबाई आत जाऊन बसतात. आकड्यात हे कुठे धरतात?

वाळपईकर:
आमच्या सत्तरी तालुक्यात २०१५ ला माकडतापाची साथ झालेली, तो गोचिडीतून येतो. काहींना ताप उतरून आठवड्याभराने परत चढतो आणि तेव्हा मेंदूवर जातो. काजू गोळा करायला जाताय तर अंगभर कपडे घाला, घरी आल्यावर अंग तपासा. आणि गोरखपूरचं पुढचं कुणी सांगितलं नाही. लस आल्यावरही केसेस येतच होत्या, तपासलं तर बऱ्याच पोरांत स्क्रब टायफस (बारीक किड्यांच्या चाव्यातून होणारा जिवाणूंचा ताप) निघाला, त्याला डॉक्सी किंवा ॲझिथ्रोमायसिनसारखं साधं औषध चालतं, फक्त वेळेत द्यायला हवं. म्हणून माझं मत, लस तर हवीच, पण गावच्या केंद्रात "ताप आणि माणूस बरळतोय" एवढं ऐकल्यावर लगेच मोठ्या हॉस्पिटलात पाठवायची सवय लागली तर जास्त जीव वाचतील. दवाखान्यात तुम्ही पण "ताप" एवढंच सांगू नका, बरळतोय, ओळखत नाही, झोपेतून उठत नाही, हे आधी सांगा.

लॅबवाली_ताई:
वाळपईकर १००%. आणि गोवर, गालगुंड, रेबीज हेही मेंदूवर जातात, कुत्रा चावल्यावर मिरची लावून बसणारे अजून भेटतात मला.

माशेलचा_बाबा:
देव बरें करूं सगळ्यांना. कार्ड काढलं. गोवर-रुबेलाचा शिक्का आहे, जेईची ओळ कोरी. सोमवारी केंद्रात जाऊन विचारतो. शेजारच्यांचा नातूही एवढाच आहे, त्याचं कार्ड घेऊन यायला सांगितलंय. डुकरांचा विषय काढला नाही.