जुनी रिवेटची अ‍ॅल्युमिनियम होडी : डागडुजी कोणत्या क्रमाने करावी?

महीकाठ, वडोदरा (प्रश्न)

सप्रेम नमस्कार. एका कारखान्याने पूरकाळासाठी घेतलेली आणि पुढे वर्षानुवर्षे शेडमागे पडून राहिलेली बारा फुटी अ‍ॅल्युमिनियमची होडी मी जवळजवळ भंगाराच्या भावात विकत घेतली आहे. तळ उथळ व्ही आकाराचा आहे आणि सर्व सांधे रिवेटचे आहेत. पत्रा बहुतेक ठिकाणी शाबूत आहे. मात्र मधल्या दोन बरगड्यांजवळचे रिवेट बोटाने हलतात, आणि मागच्या आडव्या भिंतीत, म्हणजे ट्रान्सममध्ये, बसवलेले लाकूड इतके कुजले आहे की अंगठा दाबला तर आत जातो. बाकांखाली पिवळा फोम भरलेला आहे.

पुढच्या भागात उभे राहून गळ टाकता येईल असा मंच, त्याखाली बॅटरी, दोन फिरत्या खुर्च्या, मासे जिवंत ठेवण्याची टाकी, विजेची छोटी मोटर आणि पुढेमागे ५ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन, असा माझा बेत आहे. मकरपुऱ्यातील एका वर्कशॉपने सगळे सांधे वेल्डिंग करून कायमचे बंद करण्याचा सल्ला दिला. तो मानावा का, ट्रान्समला कोणते प्लाय घ्यावे आणि सुरुवात कुठून करावी, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

निवृत्त फॅब्रिकेटर, मांजलपूर

वेल्डिंगचा सल्ला कृपया मानू नये. मी आयुष्यभर अ‍ॅल्युमिनियमचे टिग वेल्डिंग केले आणि करवून घेतले आहे, म्हणून हे ठामपणे लिहितो. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, पण त्यावरच्या ऑक्साइडच्या थराला वितळण्यासाठी २,००० अंशांहून अधिक उष्णता लागते. त्यामुळे दोन पत्र्यांच्या सांध्यात वर्षानुवर्षे साचलेला गाळ, जुने सीलंट आणि ऑक्साइड पूर्ण निघाले नाही, तर वेल्ड वरून चकचकीत दिसतो आणि आतून सच्छिद्र राहतो. शिवाय दीड-दोन मिलिमीटरचा पत्रा त्या उष्णतेने ताणला जाऊन वाकतो आणि आज घट्ट असलेले शेजारचे रिवेट सैल होतात. बाकांखालचा फोम पेटला तर त्याचा धूर विषारी असतो, हा धोका वेगळाच. वेल्डिंग फक्त फाटलेल्या पत्र्यासाठी राखून ठेवावे, आणि तेही फोम काढल्यानंतर.

सुरुवात गळतीच्या तपासणीने करावी. होडी दोन-तीन ठिकाणी रुंद लाकडी ठोकळ्यांवर, बरगड्यांच्या खाली आधार येईल अशी ठेवावी आणि आतून पाणी भरावे. पाणी बेताने भरावे, कारण एवढ्या होडीत दहा सेंटिमीटर पाण्याचेच वजन तीन-चारशे किलोपर्यंत जाते आणि आधार चुकीच्या जागी असेल तर तळाला पोक येतो. मग खाली बसून टॉर्चने प्रत्येक रांग पाहावी. जिथे थेंब दिसेल तिथे मेणाच्या खडूने खूण करावी. ओल्या पत्र्यावर मार्कर पेनची शाई टिकत नाही. काही रिवेट लगेच ठिबकत नाहीत, त्यांच्याभोवती नुसती ओलसर कडी उमटते, म्हणून पाणी रात्रभर राहू द्यावे.

सैल रिवेट बहुधा बदलावे लागत नाहीत. एकाने बाहेरून डोक्यावर जड पोलादी डॉली, म्हणजे ठोक्याला आधार देणारा ठोकळा, दाबून धरायची आणि दुसऱ्याने आतून शेपटीवर छोट्या हातोडीने नेमके, बेताचे ठोके द्यायचे. ठोक्याचा आवाज सुरुवातीला बद्द येतो आणि रिवेट बसला की टणक होतो. तो फरक ऐकू आला की थांबावे, कारण पुढचा प्रत्येक ठोका पत्रा पातळ करतो. छिद्र लांबट झाले असेल तर रिवेट काढून एक माप मोठा, भरीव अ‍ॅल्युमिनियमचा रिवेट सीलंट लावून बसवावा. बाजारात मिळणारे साधे पॉप रिवेट मधून पोकळ असतात आणि पाण्याखाली हमखास गळतात. आतून हात पोहोचत नसेल तरच बंद टोकाचे पॉप रिवेट वापरावेत.

अजवा रोडचा गळकरी

फॅब्रिकेटर साहेबांच्या म्हणण्याला दुजोरा देतो. फक्त एक भर घालतो : संपूर्ण तळाला आतून इपॉक्सीचा थर दिला की कटकट मिटते, असे अनेक जण सांगतात. रिवेट घट्ट करून झाल्यानंतर सांध्यांवर लवचीक इपॉक्सी सीलंट लावण्यास हरकत नाही. पण हलणाऱ्या रिवेटवर नुसता थर चढवला, तर पहिल्या काही लाटांतच तो केसासारखा तडकतो आणि मग गळती नेमकी कुठे आहे हे शोधणेही अवघड होते.

आता प्लायविषयी, कारण खरी फसगत येथे होते. दुकानदार आयएस ७१० या भारतीय मानकाचे सागरी प्लाय देईल आणि ते पाण्याला टिकते हे खरेच आहे. मात्र अशा प्लायवर परिरक्षक प्रक्रिया केलेली असते आणि त्या द्रावणात तांब्याचे क्षार असू शकतात. ओलाव्यात तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र आले की झिजते ते अ‍ॅल्युमिनियम. बाहेरून लाकूड ठणठणीत दिसते आणि मागे पत्र्याला टाचणीएवढी छिद्रे पडतात. म्हणून १८ किंवा १९ मिलिमीटरच्या दोन फळ्या इपॉक्सीने चिकटवून, आकारात कापून, बोल्टची सर्व छिद्रे आधी पाडून घ्यावीत आणि मग कडा व छिद्रांच्या आतल्या भिंतींसह इपॉक्सीचे किमान तीन हात द्यावेत. छिद्राची आतली भिंत कोरडी राहिली तर ट्रान्सम पुन्हा तिथूनच कुजेल. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घेऊन त्यांच्याखाली नायलॉनचे वॉशर आणि पॉलियुरेथेन सीलंट द्यावे. पितळ कुठेही वापरू नये. इंजिन घेण्याआधी ट्रान्समची उंची मोजावी, कारण शॉर्ट शाफ्ट इंजिनाला साधारण १५ इंच आणि लाँग शाफ्टला २० इंच उंची लागते.

पिवळा फोम नखाएवढा कापून पिळून पाहावा. पाणी निघाले तर सगळा काढावा. तो भिजून अनेक किलो वजन वाढवतो आणि खालचा पत्राही ओल धरून खात राहतो. जागेवर बंद पेशींचा एक्सपीएस (पॉलिस्टायरीनचा) फोम तुकडे कापून, खालून पाणी वाहून जाईल अशी फट ठेवून बसवावा. एक्सपीएस पेट्रोलमध्ये विरघळतो, म्हणून पेट्रोलची टाकी त्यापासून दूर असावी. फोम काढला आणि परत भरलाच नाही, असे मात्र होऊ देऊ नये. पत्र्याचे वजन साठ किलो धरले तर बुडालेल्या अवस्थेत त्यालाच सुमारे अडतीस किलो उचल लागते, म्हणजे जवळपास तेवढे लिटर फोम. इंजिन, बॅटरी आणि माणसे यांचा हिशेब त्यावर वेगळा.

विश्वामित्री

उभे राहून गळ टाकण्याच्या मंचाविषयी मला काळजी वाटते. बारा फुटांच्या होडीत माणूस बाकाच्या उंचीवर उभा राहिला की गुरुत्वमध्य एकदम वर जातो, आणि रोहूऐवजी मोठा शिवडा लागून झटका बसला तर तोल सावरायला वेळ मिळत नाही. आपल्याकडे विश्वामित्री नदीतच नव्हे तर आसपासच्या तलावांतही मगरी आहेत, त्यामुळे पाण्यात पडणे ही येथे किरकोळ गोष्ट नाही. मंच ठेवायचाच असेल तर तो बरगड्यांपासून हातभर नव्हे, वीतभर उंचीवर ठेवावा, खुर्च्या बुटक्या घ्याव्यात आणि जिवंत माशांच्या टाकीऐवजी मध्यभागी बसणारी छोटी बर्फपेटी घ्यावी. चाळीस लिटर पाणी म्हणजे चाळीस किलो हलते वजन असते. १०० अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी तीस किलोच्या आसपास असते, तर त्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेटची बारा-तेरा किलोची; किंमत परवडत असेल तर हा खर्च करावा. बॅटरी पट्ट्याने बांधावी, फ्यूज तिच्या जवळ बसवावा आणि ऋण तार होडीच्या पत्र्याला कधीही जोडू नये, कारण त्या गळत्या प्रवाहाने पत्रा झपाट्याने झिजतो.

१८ जानेवारी २०२४ रोजी हरणी तलावात बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या, हे आपण वडोदरेकर विसरलेलो नाही. त्या बोटीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे बसवलेली होती. आपल्या होडीत दोनच माणसे बसतील असे आजच ठरवावे, आणि दोघांच्याही अंगात लाइफ जॅकेट असावे. बाकाखाली ठेवलेल्या जॅकेटचा उपयोग होत नाही. अजवा सरोवराचे पाणी शहराला पिण्यासाठी जाते, त्यामुळे तेथे परवानगीशिवाय होडी उतरवू नये. आणि इंजिन बसवणार असाल तर अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ प्रमाणे यांत्रिक जलयानाची नोंदणी लागते, हेही आधी पाहावे.

महीकाठ, वडोदरा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. फोम पिळला आणि त्यातून खरोखरच काळपट पाणी निघाले, त्यामुळे तो सर्व काढत आहे. मंच वीतभर उंचीवर आणतो आणि टाकीचा विचार सोडतो. शेवटचा एक प्रश्न : रंग कोणता द्यावा?

निवृत्त फॅब्रिकेटर, मांजलपूर

पाण्याखाली बसणाऱ्या भागाला तांबेयुक्त अँटिफाउलिंग, म्हणजे शेवाळ-शिंपले चिकटू न देणारा रंग, अजिबात नको. गोड्या पाण्यात राहून रोज घरी येणाऱ्या होडीला त्याची गरजही नाही, बाहेरून उघडा पत्रा ठेवला तरी चालतो. रंग द्यायचाच असेल तर पत्रा घासून, पुसून, त्याच दिवशी सेल्फ-एचिंग प्रायमर, म्हणजे पत्रा किंचित कोरून धरणारा पहिला हात, मारावा. घासलेला पत्रा उघडा राहिला की त्यावर ऑक्साइड पुन्हा चढतो आणि रंग धरत नाही. घासण्यासाठी लोखंडी तारेचा ब्रश वापरू नये, लोखंडाचे कण पत्र्यात रुततात. आतून फिकट राखाडी रंग द्यावा. मे महिन्याच्या उन्हात गडद रंगाच्या पत्र्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. आणि हे सगळे ट्रान्समचे लाकूड बसवण्याआधी उरकावे, म्हणजे त्यामागचा पत्राही प्रायमरखाली येईल.