मागचे शॉक बदलण्याआधी नेमके काय तपासावे?

प्रश्न:
माझ्या मोटारसायकलला मागे दोन शॉक असून गाडी 52,000 किलोमीटर चालली आहे. एकटा असताना लहानशा खड्ड्यालाही कमरेत दणका बसतो, आणि पत्नी मागे असताना गतिरोधक ओलांडला की गाडी दोन-तीन हेलकावे खाते. मेकॅनिकने प्रीलोडची (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते ठरवणारी) कडी शेवटच्या खाचेत नेली, तेव्हापासून दणके वाढलेच आहेत. पत्नीला पाठदुखी असल्यामुळे हा प्रश्न मला लवकर सोडवायचा आहे. गॅसचे शॉक घ्यावेत का, आणि ते 20 मिलिमीटर लांब असले तर चालतील का?

उत्तर 1:
खरेदीचा विचार तूर्त बाजूला ठेवा आणि ती कडी आधी सैल करा. प्रीलोड वाढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही. ती आधीच दाबलेली राहते, त्यामुळे एकट्याच्या वजनाला गाडी पुरेशी खाली बसत नाही आणि बारीक धक्के थेट शरीरापर्यंत पोहोचतात. गाडी मधल्या स्टँडवर, मागचे चाक अधांतरी ठेवून, चाकाच्या अॅक्सलपासून सरळ वर सीटखालच्या एका खुणेपर्यंतचे अंतर मोजा. मग गाडी चाकांवर उभी करून, आपण नेहमीच्या कपड्यांत बसलेले असताना, दुसऱ्या कोणाकडून तेच अंतर मोजून घ्या. दोन्हींतला फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण एक तृतीयांश असावा, म्हणजे हालचाल 90 मिलिमीटर असेल तर 30 च्या आसपास. कडी पूर्ण सैल करूनही गाडी जेमतेम बसत असेल, तर स्प्रिंग तुमच्या वजनाला कडक आहे. पूर्ण घट्ट करूनही फार बसत असेल, तर मऊ आहे.

हेलकाव्यांचे कारण मात्र वेगळे आहे. सीट जोरात दाबून सोडा: गाडी एकदाच वर येऊन स्थिरावली पाहिजे. ती पुन्हा खाली-वर झाली, तर शॉकमधले डॅम्पिंग, म्हणजे स्प्रिंगची उसळी तेलाने आवरण्याची क्षमता, संपले आहे, आणि त्यावर प्रीलोडचा काहीही उपाय नाही.

उत्तर 2:
वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. लांबीबाबत मात्र कृपया सावध राहा, कारण मागची बाजू उचलली गेली की पुढचा फोर्क अधिक उभा होतो, ट्रेल (स्टिअरिंगचा अक्ष जमिनीला मिळतो तिथपासून पुढचे चाक टेकते तिथपर्यंतचे अंतर) कमी होतो आणि वेगात हँडल चंचल वाटू लागते; शिवाय साइड स्टँडवर गाडी नको तितकी कलते. दोन्ही टोकांच्या छिद्रांमधले अंतर मूळ शॉकइतकेच ठेवा. गॅसचे म्हणाल, तर नायट्रोजनच्या दाबामुळे तेलाला फेस येत नाही आणि खराब रस्त्यावर बराच वेळ चालवूनही डॅम्पिंग टिकते, पण केवळ गॅस आहे म्हणून बैठक मऊ होत नाही. मी स्वतः वजनाचा विचार न करता महागडी जोडी बसवली होती, आणि स्प्रिंग माझ्यासाठी इतकी कडक निघाली की जुनीच बरी वाटू लागली. रबरी बुश, स्विंगआर्मचा (मागचे चाक धरणाऱ्या हलत्या दांड्याचा) खेळ आणि टायरमधली हवाही पाहून घ्या.

प्रश्नकर्ता:
मोजमाप केले. शेवटच्या खाचेत मी बसल्यावर गाडी फक्त 14 मिलिमीटर बसत होती, दुसऱ्या खाचेत 28 बसते, आणि कमरेचा दणका खरोखर कमी झाला आहे. हेलकावे तसेच आहेत. डाव्या शॉकचा रबरी ठोकळा वर सरकवला तेव्हा दांड्याभोवती तेलाचे काळपट कडे दिसले.

उत्तर 1:
म्हणजे तेल अडवणारे सील गेले आहे. उजवा कोरडा असला तरी दोन्ही एकदमच बदला. स्प्रिंग तुमच्या वजनाला योग्य ठरली आहे, म्हणून नव्या जोडीतही तेवढ्याच ताकदीची मागा, आणि रिबाउंड (दबलेला शॉक परत वर येण्याचा वेग) बदलता येणारे शॉक मिळाले तर तेच घ्या. बसवल्यावर ओळखीच्या एकाच रस्त्यावरून जात, दर फेरीला रिबाउंड एक-एक क्लिक बदलून पाहा. पत्नी सोबत असेल त्या दिवशी निघण्यापूर्वी प्रीलोड दोन खाचा वाढवा, आणि परतल्यावर आठवणीने पूर्ववत करा.