२५ टक्के लॅटिनो विद्यार्थी भरले, एवढ्याने कॉलेज त्यांचं झालं का?

खडूफळा: कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, मी गणित शिकवते. अमेरिकेत किमान २५ टक्के विद्यार्थी लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाचे, असले की कॉलेजला 'हिस्पॅनिक-सर्व्हिंग' (लॅटिनोंना शिकवणारं) ही ओळख मिळते आणि केंद्राच्या खास अनुदानाचं दार उघडतं. कायद्यात हे १९९२पासून आहे. पण मोजतात ते प्रवेश. पदव्या कोण मोजतं? गेल्या सत्रात माझी एक हुशार मुलगी यायची थांबली. रात्रपाळी, धाकटी भावंडं, घरात कॉलेज पाहिलेलं कुणी नाही. ती का येत नाही, हे कॉलेजातून कुणीही विचारलं नाही. मला याचा फार त्रास होतो.

तळ्यातमळ्यात: मुळात वंश मोजूच नये. प्रवेश देताना वंश बघणं २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलं, मग अनुदानाला वेगळा न्याय कशाला? २४ टक्केवाल्या कॉलेजातल्या गरीब मुलाने काय घोडं मारलंय? उत्पन्न बघा.

दक्षिणवारा: तेही बघतात. गरजू विद्यार्थी जास्त आणि दर विद्यार्थ्यामागे कॉलेजचा खर्च कमी, हे दाखवावं लागतं. शिवाय त्या पैशातून प्रयोगशाळा आणि शिकवणी केंद्रं उभी राहतात, तिथे सगळीच मुलं बसतात. सप्टेंबर २०२५मध्ये शिक्षण खात्याने अशा कॉलेजांसह अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या संस्थांची सुमारे ३५ कोटी डॉलरची अनुदानं थांबवली, त्याची झळ त्या सगळ्यांनाच. ताई, तुमचं दुखणं खरं आहे, पण ही ओळखच गेली तर त्या मुलीची चौकशी करायला माणूस कुठल्या पैशातून नेमणार?

खडूफळा: ओळख काढा असं मी म्हणतच नाही. तिच्यासोबत जबाबदारीही द्या. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७मध्ये 'एएसएपी' ही पदवी वेळेत पूर्ण करायला मदत करणारी योजना सुरू केली. मुलांनी पूर्णवेळ शिकायचं. त्यांना बस-मेट्रोचं कार्ड, पुस्तकांचा खर्च आणि वरचेवर भेटणारा एक ठरलेला सल्लागार मिळतो. चिठ्ठ्या टाकून मुलांचे दोन गट पाडून केलेल्या तुलनेत या योजनेतले ४० टक्के तीन वर्षांत पदवीपर्यंत पोचले, बाहेरचे २२ टक्के. त्या मुलीला असा एक सल्लागार हवा होता.

तळ्यातमळ्यात: हे तर माझ्याच बाजूचं उदाहरण झालं. एएसएपी वंश विचारत नाही.

दक्षिणवारा: नाही विचारत, मान्य. पण कॉलेजातला 'पुएन्ते' हा उपक्रम बघा. १९८१मध्ये कॅलिफोर्नियातल्याच हेवर्डच्या शाबो कॉलेजात सुरू झाला, आता सगळ्यांना खुला आहे. इंग्रजी लेखनाच्या वर्गात मेक्सिकन-अमेरिकन लेखक वाचतात, समुपदेशक सोबत असतो, आणि मार्गदर्शक समाजातलाच. घरी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलीला पुस्तकात आपली आजी भेटते. हे उत्पन्नाच्या दाखल्यावरून कसं ठरवाल?