पॅरिस: साबा-साबू आणि लेकीला घेऊन लूव्र, एक दिवस कसा लावू?

चिऊची_आई

नमस्कार मंडळी, एप्रिलच्या शेवटी पॅरिसला चाललोय. मी, नवरा, लेक (वय ९) आणि साबा-साबू (सासूबाई-सासरेबुवा). मंगळवारी २८ ला सकाळी पोचतोय आणि रविवारी ३ मेला परत. आयफेल, सेन नदीतली बोट वगैरे सगळं ठरलंय, घोडं अडलंय ते लूव्र म्युझियमपाशी.

साबांना मोनालिसा बघायचीच आहे, त्यावर चर्चा नाही. साबू कोर्टात नोकरीला होते, आता रिटायर झालेत, त्यांना "काहीतरी जुनं, म्हणजे खरंच जुनं" बघायचंय. लेकीला ममी. नवऱ्याला व्हॅन गॉग. मला काहीही चालेल, फक्त संध्याकाळी हॉटेलवर सगळे पाच दिशांना तोंडं करून बसले असं व्हायला नको.

साबांचे गुडघे दुखतात, सपाटीला नीट चालतात पण जिने आले की संपलं. मी यूट्यूबवर इतके व्हिडिओ बघितलेत की आता काहीच ठरत नाहीये, एक म्हणतो तीन तासांत उरकतं, दुसरा म्हणतो तीन दिवस पण कमीच. शुक्रवारी रात्री ९ पर्यंत उघडं असतं असं वाचलं म्हणून शुक्रवार धरलाय, दुपारी आराम करून ४ ला आत शिरायचं. तिकीट २२ युरो ना? आणि गाइड घ्यावा का?

---

राखाडी_बोका

शुक्रवारी १ मे आहे हो. लूव्र बंद. दर मंगळवारी बंद, शिवाय १ जानेवारी, १ मे आणि २५ डिसेंबर. म्हणजे तुमचे मंगळवार आणि शुक्रवार दोन्ही गेले.

२२ युरो जुना दर. १४ जानेवारी २०२६ पासून युरोपियन इकॉनॉमिक एरियाच्या बाहेरच्या लोकांना ३२ युरो केलाय. चार मोठ्यांचे १२८ झाले. १८ वर्षांखालच्यांना फुकट, मग देश कुठलाही असो. सीनियर सिटिझन सवलत नाही, शोधत बसू नका.

व्हॅन गॉग लूव्रमध्ये मिळणार नाही. तो आणि त्याच्या काळातले चित्रकार नदीपलीकडे म्युझे दॉर्सेला (ऑर्से म्युझियम), १९०० साली बांधलेल्या रेल्वे स्टेशनात. गुरुवारी रात्री पावणेदहापर्यंत उघडं असतं. नवऱ्याला आत्ताच सांगून ठेवा की प्रसिद्ध 'स्टारी नाइट' न्यूयॉर्कला आहे, इथे आहे ते ऱ्होन नदीवरच्या ताऱ्यांच्या रात्रीचं, १८८८ चं. तेही कमी नाही, पण तिथे जाऊन तोंड पाडून उभा राहायला नको.

---

भटकभवानी

बोक्याने मुद्द्याचं सांगितलंय, मी फक्त दिवस कसा लावायचा तेवढं सांगते.

पहिली गोष्ट, काय काय बघायचं याची यादी करून निघू नका, पाय किती चालतील ते धरून निघा. लूव्रमध्ये मांडून ठेवलेल्या वस्तूच पस्तीस हजारांच्या आसपास आहेत आणि गॅलऱ्यांचं क्षेत्रफळ सत्तर हजार चौरस मीटरच्या वर, त्यामुळे "बघून झालं" असं कोणाचंच होत नाही, रोज तिथे काम करणाऱ्यांचंही होत नसेल. फरशी कठीण, बाकं आहेत पण हवी तिथे नाहीत. अडीच-तीन तासांनंतर माणूस चित्र बघत नाही, बाक बघतो. तेव्हा तीन तास धरा, बाकी सगळं बोनस.

आता वेळ. बुधवारी पण ९ पर्यंत उघडं असतं आणि संध्याकाळी गर्दी ओसरते हे खरं, सगळे ब्लॉगवाले तेच सांगतात, पण ते ब्लॉगवाले भारतातून आदल्या दिवशी विमानाने आलेले नसतात. तुमचं शरीर साडेतीन तास पुढे असणार. पॅरिसमध्ये संध्याकाळचे सात म्हणजे साबूंच्या पोटात रात्रीचे साडेदहा. उलट पहाटे चारला दोघंही टक्क जागे असतील आणि चहा कुठे मिळेल ते विचारतील. त्याचा फायदा घ्या. गुरुवार ३० ला सकाळी ९ चा पहिला स्लॉट घ्या, साडेबारापर्यंत बाहेर पडा, जेवून हॉटेलवर झोपा. संध्याकाळी नवरा ऑर्सेला मोकळा, ज्याला उत्साह असेल त्याने सोबत जावं.

तिकीट अधिकृत साइटवरूनच काढा. माझ्या ओळखीतल्या एकांनी कुठल्याशा दुसऱ्या साइटवरून "रांग टाळा" वालं तिकीट दामदुप्पट देऊन घेतलं, आणि सिक्युरिटीची रांग काही त्याने टळली नाही, ती सगळ्यांनाच असते. म्युझियम पास घेतला तरी लूव्रचा स्लॉट वेगळा बुक करावाच लागतो.

गाइड तुमच्या ग्रुपला नको असं माझं मत. पाच माणसं, पाच आवडी, गाइड एका वेगाने चालणार आणि साबा मागे राहणार.

---

पेन्सिलवाला

मी वाईट बोलणार आहे, आधीच माफी. मोनालिसा वगळा. ७७ बाय ५३ सेंटिमीटरचं चित्र, जाड काचेमागे, समोर कठडा, आणि मध्ये शे-दोनशे हात मोबाइल वर धरून उभे. ढकलत ढकलत पुढे जायचं, अर्धं मिनिट मिळणार, त्यात सेल्फी. लिओनार्दोच बघायचा असेल तर बाहेर ग्रांद गॅलरीत त्याची 'व्हर्जिन ऑफ द रॉक्स' आणि 'सेंट ॲन' आहेत, समोर निवांत उभं राहता येतं, कोणी ढुंकूनही बघत नाही. हे बघा आणि मग सांगा मोनालिसाचं काय एवढं.

---

भटकभवानी

पेन्सिलवाले, तुमचं पटतं पण साबा पटवून घेणार नाहीत :) आयुष्यभर कॅलेंडरवर बघितलेलं चित्र आहे, ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय, संपला विषय. लहान दिसतं, गर्दी असते हे आधी सांगून नेलं की कोणी नाराज होत नाही.

आणि त्या हॉलमधली खरी मजा मोनालिसाकडे पाठ केल्यावर आहे. समोरच्या भिंतीवर व्हेरोनेझेचं 'वेडिंग ॲट काना', १५६३ चं, जवळजवळ दहा मीटर रुंद आणि पावणेसात मीटर उंच. लग्नाचं जेवण चाललंय, शंभराहून जास्त माणसं, वादक, वाढपी. लेकीला सांगा पुढे मधोमध दोन पांढरे कुत्रे एकत्र बांधलेत ते शोध, मग उजवीकडे भांड्यापाशी उताणं पडून नख्या मारणारं मांजर शोध. वादकांमध्ये पांढऱ्या कपड्यातला तो स्वतः चित्रकार असं मानतात. हे एवढं मोठं चित्र व्हेनिसच्या एका मठाच्या भोजनगृहात होतं, १७९७ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने काढून आणलं ते इथेच राहिलं. हॉलमधले निम्मे लोक त्याच्याकडे न बघता निघून जातात.

---

चिऊची_आई

बापरे, १ मेचं लक्षातच नव्हतं आलं, बोकेमहाराज थँक्यू! गुरुवार सकाळ पक्की. साबा म्हणाल्या लहान असलं तरी चालेल, मी लांबून बघेन पण बघेन :) आता गुडघ्यांचं सांगा कोणीतरी. आणि साबूंना नक्की काय दाखवू? ममी कुठे आहेत?

---

साडेसात_वाजले

गुडघ्यांचं मी सांगते, आईला घेऊन गेले होते. म्युझियममध्ये व्हीलचेअर मोफत मिळते, ओळखपत्र ठेवून घेतात. साबा "मला काय झालंय व्हीलचेअरला" म्हणतील, माझी आई पण म्हणाली होती. तरी घ्या. नुसती सोबत ढकलत न्या, पर्स नि जाकिटं त्यात ठेवा, एका तासाने त्या आपणहून बसतील. डेनॉन विंगमध्ये (लूव्रच्या तीन भागांपैकी एक, बाकीचे सुली आणि रिशेल्यू) मोनालिसाकडे जाताना सगळे जिन्याने जातात, लिफ्ट आहे पण ती आडबाजूला आहे, तिथल्या युनिफॉर्मवाल्या माणसाला नकाशावर बोट ठेवून विचारायचं. आमच्या वेळी मोनालिसापाशी गार्डने खुर्ची बघून आम्हाला कडेने पुढे सोडलं, सगळ्यांना सोडतातच असं नाही, पण बघा.

फक्त लिफ्टने गेलात तर दारूच्या जिन्याकडे (दारू हे तिथल्या माणसाचं नाव आहे, हसू नका) मुद्दाम वळा. वर 'विंग्ड व्हिक्टरी' म्हणजे पंखवाली विजयदेवता उभी आहे, समोथ्रेस बेटावरची, इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकातली. डोकं नाही, हात नाहीत, जहाजाच्या नाळेवर उभी आणि समोरून वारा आल्यासारखा कपडा अंगाला चिकटलाय, पोटावर तर इतका पातळ की दगड आहे हे विसरायला होतं. मूर्ती १८६३ मध्ये सापडली आणि उजवा हात थेट १९५० मध्ये, तो बाजूला काचेच्या पेटीत ठेवलाय, नुसता तळहात. माझ्या आईने मोनालिसापेक्षा त्या हातासमोर जास्त वेळ घालवला.

---

राखाडी_बोका

साबू कोर्टातले ना? मग विचार कसला करताय, हम्मुराबीचा शिलालेख. रिशेल्यू विंग, तळमजला. काळ्या बॅसाल्टचा सव्वादोन मीटर उंच दगड, जवळपास पावणेचार हजार वर्षं जुना कायदा. वर कोरलंय की बॅबिलोनचा राजा हम्मुराबी शमाश या सूर्यदेवापुढे उभा आहे, आणि खाली सगळीकडून बारीक क्युनिफॉर्म (खिळ्यांसारख्या खुणांची) लिपी, रांगा रांगा. कर्ज, भाडं, वारसा, घटस्फोट, पडलेल्या घराला गवंडी जबाबदार, खोटी साक्ष दिली तर काय, सगळं आहे. साबू अर्धा तास हलणार नाहीत.

त्यांना एक दाखवा. दगडाच्या पुढच्या बाजूला खाली काही रांगा घासून कोऱ्या केल्यात. हा दगड बॅबिलोनियातून लुटून एलामच्या (आजच्या इराणातलं जुनं राज्य) राजाने सुसा शहरात नेला, त्या ओळी त्यानेच खोडल्या असं मानतात, स्वतःचं नाव कोरायला असणार, पण कोरलं मात्र काहीच नाही. १९०१-०२ च्या उत्खननात सुसालाच सापडला. कोर्टातल्या माणसाला खाडाखोड केलेला दस्तऐवज लगेच कळतो.

त्याला लागूनच खोर्साबादचं दालन, वर काचेचं छत. असिरियाच्या (आजच्या इराकमधलं जुनं राज्य) सारगॉन राजाच्या महालातले पंखवाले बैल, माणसाचं तोंड, उंची चार मीटरच्या वर. चिऊला पाय मोजायला सांगा. पाच भरतील. समोरून बघितलं तर दोन पायांवर स्थिर उभा, बाजूने बघितलं तर चार पायांनी चालतोय, दोन्ही जमवायला शिल्पकाराने एक पाय जास्तीचा दिला. आणि या बाजूला गर्दी अगदी कमी असते, सगळी जनता डेनॉनमध्ये.

---

पेन्सिलवाला

ममी आणि इजिप्त सुली विंगमध्ये. पण चिऊला थेट ममीपाशी नेऊ नका, खालून न्या. तळघरात जुन्या किल्ल्याचा खंदक आणि भिंती आहेत, फिलिप ऑगस्ट राजाने ११९० च्या सुमारास बांधायला घेतला तो, म्युझियमच्या खाली अख्खा किल्ला आहे हे मुलांना फार आवडतं. तिथून पुढे इजिप्तमधल्या तानिसचा स्फिंक्स (सिंहाचं धड, माणसाचं डोकं), गुलाबी ग्रॅनाइटचा, जवळजवळ पाच मीटर लांब, बुटक्या छताच्या खोलीत एकटाच. मग वर इजिप्त.

आणि तिला कागद-पेन्सिल द्या. पेन्सिलीने स्केच करायला परवानगी आहे, फ्लॅश आणि सेल्फी स्टिक चालत नाही. एक मांजर किंवा एक बैल जरी काढला तरी बाकीच्यांना तेवढा वेळ बसायला मिळतो.

---

भटकभवानी

मग क्रम असा लावा. ९ ला काचेच्या पिरॅमिडमधून (मुख्य प्रवेशद्वार) खाली, व्हीलचेअर घ्यायची, टॉयलेट तिथेच उरका (आत फार चालावं लागतं), आणि तडक मोनालिसा. पहिल्या अर्ध्या तासात गर्दी त्यातल्या त्यात बरी. मग व्हेरोनेझे, मग व्हिक्टरी. बाजूच्या लाल भिंतींच्या हॉलमध्ये नेपोलियनच्या राज्याभिषेकाचं दाविदचं चित्र, जाता जाता बघा, मधोमध वरच्या सज्जात नेपोलियनची आई बसलीये, प्रत्यक्षात ती समारंभाला आलीच नव्हती, चित्रकाराने आणून बसवली. मग खाली सुली, किल्ला आणि ममी. इथपर्यंत अकरा-सव्वाअकरा होतील. कॅफेत बसा. ज्यांच्यात दम असेल त्यांनी साबूंसोबत रिशेल्यू. एकदा बाहेर पडलात की त्याच तिकिटावर परत आत घेत नाहीत, त्यामुळे "जेवून परत येऊ" हे डोक्यातून काढा.

खिसेकापू खूप आहेत, मोनालिसासमोर तर विशेष, सगळ्यांची नजर वर असते. पासपोर्ट आतल्या खिशात. आणि अधूनमधून संप असतो, सकाळी निघायच्या आधी साइट बघा, कुठली दालनं कुठल्या दिवशी बंद तेही तिथेच कळतं.

---

चिऊची_आई

तुम्हा सगळ्यांचे खूप खूप आभार, नवऱ्याला प्लॅन वाचून दाखवला, साबू आत्तापासूनच हम्मुराबी गूगल करत बसलेत. फक्त एक बदल, साबूंना शेवटी नको ठेवायला, ते दमतात, त्यामुळे मोनालिसानंतर व्हिक्टरी बघून आम्ही दोन गट करणार, साबू-नवरा रिशेल्यूला आणि आम्ही तिघी किल्ला-ममी, आणि साडेअकराला पिरॅमिडखाली भेटायचं. चालेल ना? चिऊचं तिकीट फुकट आहे तर बुक न करता चालेल का?

---

राखाडी_बोका

गट उत्तम. पण चिऊला बैलांचे पाय मोजायचे राहतील, ते बघा.

तिकीट तिचंही काढा, शून्य युरोचं. त्याच ९ च्या स्लॉटमध्ये, एकाच बुकिंगमध्ये. वयासाठी तिचा पासपोर्ट जवळ ठेवा. मोठी बॅग नेऊ नका, ५५ बाय ३५ बाय २० सेंटिमीटरपेक्षा मोठी आत घेत नाहीत.