मदत हवी आहे: सरकारी भाडेमदतीचं व्हाउचर हातात आहे पण घर मिळत नाही (मॅसॅच्युसेट्स). घर भाड्याने देणाऱ्या मंडळींनी प्लीज वाचा

तिसरा_मजला:

नमस्कार मंडळी. मी वूस्टर भागात एका संस्थेत हाउसिंग नॅव्हिगेटर आहे. ज्या कुटुंबांचं घर गेलंय किंवा जायच्या बेतात आहे त्यांच्यासाठी भाड्याचं घर शोधायचं, कागदपत्रं जमवायची, घरमालकाशी बोलायचं, इन्स्पेक्शनच्या मागे लागायचं आणि चावी हातात पडेपर्यंत पाठ सोडायची नाही, असं हे काम.

इथे विचारतेय कारण श्रूजबरी, वेस्टबरो, फ्रॅमिंगहॅम, अ‍ॅक्टन या पट्ट्यात आपली भरपूर मंडळी आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी स्वतःचं घर झाल्यावर वूस्टर किंवा लोवेल साईडला टू फॅमिली (दोन बिऱ्हाडांचं घर) नाहीतर थ्री डेकर (एकावर एक तीन बिऱ्हाडांचं घर) घेऊन भाड्याने दिलंय. गणपतीत जेवणाच्या रांगेत हा विषय हमखास निघतो. म्हणजे मला ज्यांच्याशी बोलायचंय ते लोक इथेच आहेत.

आधी एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. आई एकटी, घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची देखभाल करते, तीन मुलं, धाकटं दोन वर्षांचं. ती राहत होती ते घर विकलं गेलं, नव्या मालकाने भाडं वाढवलं, ते झेपेना म्हणून बहिणीकडे गेली, तिथे बहिणीच्या मालकाने माणसं जास्त झाली म्हणून हरकत घेतली आणि शेवटी शेल्टर. मोठ्या दोघांची शाळा तेवढी सुटली नाही, कारण मॅकिनी-व्हेंटो कायद्याने बेघर मुलांना जुन्या शाळेतच राहायचा हक्क आहे आणि जायची-यायची सोय शाळांनी करायची असते. पहाटे बस येते, मुलं अर्धवट झोपेत चढतात पण शाळा तीच, बाई त्याच, मित्र तेच. या एका गोष्टीने मुलं किती शांत राहतात ते मी रोज बघते.

तर या बाईंना सेक्शन एट व्हाउचर मिळालं. यासाठी लोक वर्षानुवर्षं वेटिंग लिस्टवर असतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कुटुंबाने आपल्या उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भरायचे, उरलेलं भाडं हाउसिंग अथॉरिटी, म्हणजे व्हाउचर देणारी सरकारी संस्था, थेट मालकाला देते. समजा भाडं २,२०० डॉलर आणि हिशोबात धरलेलं उत्पन्न महिना २,४०० असेल तर ती ७२० देणार आणि १,४८० दर महिन्याला मालकाच्या खात्यात येणार. तिची शिफ्ट कमी झाली, उत्पन्न घटलं, की ते कळवून तिचा हिस्सा कमी करून घेता येतो आणि अथॉरिटीचा वाढतो. मालकाच्या दृष्टीने याहून खात्रीचं भाडं कुठलं असेल मला सांगा.

पण व्हाउचरला मुदत असते. किमान ६० दिवस मिळतात, पुढे मुदतवाढ मागता येते पण ती द्यायची की नाही हे अथॉरिटी ठरवते. आणि दुसरीकडे शेल्टरचं घड्याळही चालू आहे. या राज्यात १९८३ पासून कुटुंबांना निवाऱ्याचा हक्क देणारा कायदा आहे, पण २०२३ मध्ये एवढी कुटुंबं आली की ७,५०० ची मर्यादा घालावी लागली, मग मुक्कामाला नऊ महिन्यांची मुदत आली आणि २०२५ मध्ये ती सहा महिने झाली. म्हणजे दोन्हीकडून दिवस मोजले जातायत आणि मधे एक आई झिपलॉकच्या पिशवीत मुलांचे बर्थ सर्टिफिकेट, सोशल सिक्युरिटी कार्डं आणि पगाराच्या स्लिपा घेऊन माझ्याबरोबर घरं बघत फिरतेय.

फोनवर काय होतं ते सांगते. "हो, थ्री बेडरूम अजून आहे, कधी येता बघायला?" मी वेळ ठरवते, मग व्हाउचरचं सांगते. पलीकडे जरा वेळ कोणी बोलत नाही. मग "एक अ‍ॅप्लिकेशन ऑलरेडी प्रोसेसमध्ये आहे", नाहीतर "तुम्हाला कळवतो". चार दिवसांनी तेच घर त्याच फोटोंसकट साईटवर असतंच. मॅसॅच्युसेट्समध्ये व्हाउचर आहे म्हणून घर नाकारणं बेकायदेशीर आहे, कायद्याचा क्रमांक १५१बी. तक्रार करता येते आणि गरज पडली तर आम्ही करतोही, पण तक्रारीचा निकाल लागेपर्यंत व्हाउचर संपलेलं असतं, त्या आईला घर या महिन्यात हवंय.

आणि दुसरं कारण शिसं. एका घरी मालक स्वतः दाखवायला आला होता, चांगला माणूस, स्वयंपाकघर नवीन केलेलं. खिडकीच्या पट्टीवरचा रंग पोपडे धरून निघत होता, त्याने त्यावर हात ठेवला आणि कडेवरच्या बाळाकडे बघून विचारलं, "हा केवढा आहे?" दोन वर्षांचा म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. इथे १९७८ च्या आधीच्या घरात सहा वर्षांखालचं मूल राहत असेल तर शिशाच्या रंगाचा बंदोबस्त करणं मालकावर बंधनकारक आहे, आणि ते टाळायला लहान मूल असलेल्यांना घर नाकारणं हेही बेकायदेशीर आहे. पण थ्री डेकर म्हणजे बहुतेक शंभर वर्षांचे, त्यामुळे ज्यांना घराची सगळ्यात जास्त गरज त्यांनाच ही घरं बंद. मला तो कायदा हवाच आहे, शिशाने लहान मुलांच्या मेंदूवर झालेला परिणाम भरून निघत नाही. फक्त त्याची किंमत बेघर बाळांनी मोजू नये एवढंच.

म्हणून प्रश्न. तुमच्यापैकी जे घर भाड्याने देतात त्यांनी अगदी मोकळेपणाने सांगा, व्हाउचर म्हटल्यावर मनात नेमकी काय भीती येते? पैशांची, इन्स्पेक्शनची, घर खराब होण्याची, की कोणाचं तरी ऐकलंय म्हणून? मी फोनवर काय बोलले तर तुम्ही पुढचं वाक्य ऐकून घ्याल? आणि ज्यांनी शिशाचं काम करून घेतलंय त्यांनी अनुभव लिहा, खर्चासकट. मी कोणालाही बोल लावणार नाही, खरं उत्तर हवंय.

---

घाटावरचा_भाऊ:

ताई, तुम्ही खरं उत्तर मागितलंय म्हणून लिहितो. माझं वूस्टरला टू फॅमिली आहे, दोन्ही युनिट भाड्याने. मी व्हाउचरवाल्यांना आजवर दिलेलं नाही. माणसांबद्दल काही नाही हो, आम्हीपण इथे आलो तेव्हा चौघं मिळून एका अपार्टमेंटमध्ये राहिलोय. पण अथॉरिटीचं इन्स्पेक्शन होईपर्यंत घर रिकामं राहणार आणि बँकेचा हप्ता तर एक तारखेला जातोच, मग इन्स्पेक्टर काहीतरी काढणार, परत तारीख घ्यायची. दुसरं म्हणजे भाडेकरूने स्वतःचा हिस्सा दिला नाही तर काय करायचं, कोर्टात किती महिने जातात ते मित्राचं बघितलंय. ही दोन उत्तरं मिळाली तर विचार करीन, उगाच हो म्हणत नाही.

---

तिसरा_मजला:

भाऊ, मनापासून धन्यवाद, अशीच उत्तरं हवी होती.

इन्स्पेक्शन: उशीर होतो हे खरं आहे, मी नाही म्हणणार नाही. पहिलं पेमेंटही कधीकधी उशिरा येतं, पण करार सुरू झाल्या तारखेपासूनचं सगळं येतं. मात्र इन्स्पेक्शनमध्ये घर अडकतं ते बहुतेक त्याच त्याच गोष्टींवर. स्मोक किंवा कार्बन मोनॉक्साईड डिटेक्टर चालत नाही, खिडकी उघडत नाही नाहीतर तिची कडी लागत नाही, जिन्याला कठडा नाही, सिंकजवळच्या प्लगला सुरक्षेचं बटण नाही, रंगाचे पोपडे निघालेत. तुम्ही हो म्हणालात तर इन्स्पेक्टरच्या आधी मी स्वतः येऊन हे सगळं बघून जाते. एका दुपारचं आणि हार्डवेअरच्या दुकानातल्या एका फेरीचं काम असतं.

हिस्सा थकला तर: भाडेकरू तुम्हीच निवडायचा असतो, हे बऱ्याच मालकांना माहीत नसतं. हाउसिंग अथॉरिटी तुमच्यावर कोणी लादत नाही. मागच्या मालकाला फोन करा, नोकरीची चौकशी करा, फक्त जे नियम इतरांना तेच यांना. आणि थकबाकी झालीच तर कुटुंब राज्याच्या राफ्ट या भाडेमदत योजनेतून १२ महिन्यांत ७,००० डॉलरपर्यंत मदत मागू शकतं, अटीत बसलं तर पैसे सरळ मालकाला जातात. शिवाय हिस्सा बुडवला तर व्हाउचर जाऊ शकतं हे त्या आईला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त पक्कं ठाऊक असतं. ते परत मिळायला आयुष्यातली किती वर्षं जातील याचा हिशोब तिने केलेला असतो.

अजून एक, कोर्टाच्या रेकॉर्डवर जुनी केस दिसली तर लगेच फुली मारू नका. घर विकायचं म्हणून घातलेली किंवा काढून टाकलेली केससुद्धा तिथे दिसते. मे २०२५ पासून अशा नोंदी सील करायला अर्ज करता येतो, पण सगळ्यांपर्यंत ते अजून पोचलेलं नाही.

---

लोवेलकर:

शिशाचं मी सांगतो, करून घेतलंय. लायसन्सवाला इन्स्पेक्टर हातातलं मशीन घेऊन प्रत्येक दार, खिडकी, कठडा तपासतो आणि यादी देतो. आम्हाला वाटलं सगळं घर खरवडायला लागणार, तसं नसतं. मुख्य त्रास खिडक्यांचा, कारण वर-खाली करताना रंग घासून धूळ होते आणि तीच रांगणाऱ्या पोरांच्या हाताला लागून तोंडात जाते. जुन्या लाकडी खिडक्या काढून नवीन बसवल्या, काही दारं बदलली, मागच्या पोर्चचा कठडा केला. जिथे रंग घट्ट बसलेला होता तिथलं बरंच तसंच राहिलं.

खर्चाचा आकडा मुद्दाम देत नाही, घरागणिक प्रचंड फरक पडतो, दोन-तीन कोटेशन घ्या. पण पूर्ण काम केल्यावर राज्याच्या टॅक्समध्ये एका युनिटमागे ३,००० डॉलरपर्यंत क्रेडिट आहे, आधी ते १,५०० होतं. मासहाउसिंग या राज्याच्या घरकर्ज संस्थेचं 'गेट द लेड आउट' म्हणून कर्जही आहे आणि काही शहरांत ग्रँट मिळते, शहराच्या ऑफिसात आधी विचारा, काम झाल्यावर नाही. कमी धोक्याची काही कामं ट्रेनिंग घेऊन मालकाला स्वतः करता येतात. शेवटी कम्प्लायन्सचं पत्र मिळतं, ते जपून ठेवा, घर विकताना पण उपयोगी पडतं. आणि खिडक्या बदलल्यावर हीटिंगचं बिल कमी झालं तो फायदा वेगळाच.

---

अनामिक_वाचक:

विषय थोडा वेगळा आहे पण इथेच विचारते, राग मानू नका. माझ्या ओळखीच्या एक आहेत, नवरा एचवनवर होता, नोकरी गेली, दोन महिन्यांचं भाडं थकलं आणि आता मालकाने १४ दिवसांची नोटीस दिलीये. ती घाबरून सामान बांधायला लागलीये, दोन मुलं आहेत, कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये जायचं म्हणते. १४ दिवसांत घर सोडावंच लागतं का?

---

तिसरा_मजला:

राग कसला हो, बरं झालं विचारलंत. त्यांना आजच फोन करून सांगा की सामान बांधू नका.

१४ दिवसांची नोटीस म्हणजे घर खाली करायचा हुकूम नव्हे, ती पहिली पायरी आहे. त्यानंतर मालकाला कोर्टात केस घालावी लागते, तारीख लागते, तडजोडीसाठी बसवतात, आणि घराबाहेर काढायचा आदेश फक्त कोर्ट देऊ शकतं. तो आदेश निघाल्यावरसुद्धा कॉन्स्टेबल किंवा शेरीफला ४८ तास आधी लेखी नोटीस द्यावी लागते. मालकाने स्वतः कुलूप बदललं किंवा हीट बंद केली तर ते बेकायदेशीर आहे. कोर्टाची तारीख मात्र काही झालं तरी चुकवायची नाही, गेलं नाही तर निकाल विरुद्ध जातो. आपले लोक कोर्ट म्हटलं की लाजेने जात नाहीत आणि तिथेच घर जातं.

नोटीस हातात आहे म्हणजे राफ्टसाठी लागणारा एक महत्त्वाचा कागद त्यांच्याकडे आहे. उत्पन्नाची अट आहे, नोकरी गेल्यामुळे बसण्याची शक्यता बरीच. व्हिसाच्या बाजूने काय परिणाम होईल ते इमिग्रेशन वकिलाला आधी विचारू द्या, ते मी इथे सांगणं बरोबर नाही. २११ ला फोन केला तर जवळच्या संस्थेचा पत्ता देतात, दुभाष्या मागता येतो.

आणि बेसमेंटमध्ये जायची वेळ आलीच तर शाळेला नक्की कळवा. दुसऱ्याच्या घरात नाइलाजाने राहणारी मुलंही मॅकिनी-व्हेंटोमध्ये येतात, शाळा बदलायची गरज नाही. मला निरोप पाठवा, नोटीसवरची तारीख काय आहे तेवढं सांगा, नावाची गरज नाही.

---

घाटावरचा_भाऊ:

खालचं युनिट पुढच्या महिन्यात रिकामं होतंय. थ्री बेडरूम आहे, घर १९२० च्या आसपासचं, शिशाचं काही केलेलं नाही. लोवेलकर, तुमच्या इन्स्पेक्टरचा नंबर द्या. ताई, शनिवारी सकाळी बघायला येता का, तुमची ती प्लग-खिडक्यांची यादी घेऊन. बायकोशी बोललोय, ती म्हणाली आधी खर्च कळू दे. हो-नाही त्यानंतर.

---

तिसरा_मजला:

शनिवारी दहाला येते. घराचं सगळं नीट बघू, हो-नाही तुमच्या वेळेने ठरवा. बाकीच्यांनीही लिहा, विशेषतः ज्यांनी व्हाउचरवर घर दिलं होतं आणि अनुभव वाईट आला त्यांनी. नेमकं काय बिनसलं ते कळलं तर पुढच्या कुटुंबाच्या वेळी मला ते आधीच सांभाळता येईल.